वाळूत उतरण्याआधी टायरची हवा किती सोडायची, आणि परत कधी भरायची

कराडला हायवेच्या कडेला अण्णांचं टायरचं दुकान होतं. आमच्या घरी टायरमध्ये हवा कमी असणं म्हणजे गुन्हाच. उसाची ट्रॉली घेऊन कुणी बसक्या टायरवर आला की अण्णा तो टायर रिमवरून उतरवायचे, आत हात घालून काळा चुरा ओंजळीत घ्यायचे आणि त्या माणसापुढे धरायचे. चहाच्या भुकटीसारखा बारीक, हाताला कोमट लागणारा रबराचा चुरा. हवा नसलेला टायर रस्त्यावर पळवला की प्रत्येक फेऱ्याला त्याची कड दुमडते, तापते आणि टायर आतून झिजत जातो. बाहेरून मात्र तो धडधाकट दिसतो, आणि माणूस फसतो तो तिथेच.

हे बघत वाढलेली मी. शारजाला आल्यावर पहिल्यांदा वाळूत गाडी घालायची वेळ आली आणि सोबतचे म्हणाले, "निम्म्याहून जास्त हवा सोडा," तेव्हा माझा हातच होईना. ३३ पौंडांवरून २५ वर आणली आणि थांबले. दुबई-हत्ता रस्त्यालगत अल बदायरला तांबड्या वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे दोनशे मीटरही गेले नसेन, चाकं रिमपर्यंत रुतली. मी फावडं काढलं. तेवढ्यात लँड क्रूझरमधून एक वयस्क अमिराती गृहस्थ उतरले. फावड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कंदुरा, म्हणजे अंगातला पायघोळ पांढरा झगा, सावरून चाकाशी उकिडवे बसले, किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबली आणि चारी चाकांची हवा सोडत गेले. मग चाकांमागची थोडी वाळू हाताने सारली आणि खूण केली: सरळ मागे, हळू. गाडी बाहेर आली.

रात्री अण्णांना फोन केला. त्यांना नवल वाटलं नाही. "ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतात बारा-चौदा पौंडच असते की. मऊ जमिनीत पाय पसरूनच चालावं लागतं. पण रस्त्यावर परत येताना काय केलंस?" मी काहीच केलं नव्हतं, तशीच घरी आले होते. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

तेव्हापासून नऊ हिवाळे मी वाळूत गाडी चालवतेय आणि नवख्यांना शिकवतेही. हवा सोडायला लोक एका दिवसात शिकतात. परत भरायची शिस्त लागायला वेळ लागतो. खाली दोन्ही सांगते. अण्णांच्या सवयीने पौंडच लिहिते. हवा मोजायच्या गेजवर ते पीएसआय म्हणून दिसतं.

आधी हवा सोडल्याने होतं काय ते बघू. माझी जुनी पजेरो माणसं-सामान धरून साधारण २४०० किलो, म्हणजे एका चाकावर ६०० किलो. टायरमध्ये ३३ पौंड हवा असेल तर ढोबळ हिशेबाने हे ६०० किलो पेलायला जमिनीवर सुमारे २६० चौरस सेंटिमीटर जागा लागते. १५ पौंड असेल तर सुमारे ५७०. टायरच्या कडेचा ताठपणा थोडं वजन पेलतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे जरा वेगळे येतात, पण फरक दुपटीच्या आसपासचा आहे. तेच वजन दुप्पट जागेवर पसरलं की वाळू फाटत नाही, दबते, आणि गाडी तिच्यावरून जाते.

टायर रुंद होतो म्हणून हे घडतं असं बरेच जण समजतात. रुंदी फार वाढत नाही, लांबी वाढते. दवाने ओलसर झालेल्या वाळूवर एका सकाळी मी शिवणकामाच्या टेपने ठसे मोजले. रुंदीत जेमतेम बोटभर फरक होता, लांबीत चांगली चार-पाच बोटं. बसलेला टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट पाऊल टाकतो. अरुंद टायरच्या गाड्याही कमी हवेवर छान चालतात त्या यामुळेच, आणि फार रुंद टायर घालून हवा तशीच ठेवणारा रुततोही यामुळेच.

राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने १९२०-३० च्या दशकांत इजिप्त आणि लिबियाची वाळवंटं साध्या फोर्ड मोटारींतून पालथी घातली. त्या गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह नव्हतं. हवा कमी करणं, चाकांखाली लोखंडी पट्ट्या घालणं आणि वाळू नीट वाचणं एवढ्यावर ते हिंडले. म्हणून मी नवख्याला गाडीत फोर लो, म्हणजे चारी चाकांना सावकाश पण जादा जोर देणारा गिअर, आहे का हे नंतर विचारते. आधी विचारते, गेज आहे का?

घरून निघताना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचा. रस्त्यावरचा योग्य दाब तिथे लिहिलेला असतो, आणि तो गार टायरचा असतो, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा. तो कागदावर किंवा फोनमध्ये लिहून ठेवा, संध्याकाळी दमलेल्या डोक्याला आठवत नाही. स्टेपनीची हवाही बघा. कॉम्प्रेसर घरीच एकदा चालवून बघा. फुटबॉल भरायचा छोटा पंप दुसऱ्या टायरलाच तापून बंद पडतो. थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या; लायटरच्या सॉकेटमधून मोठा पंप चालवला की फ्यूज उडतो. गेज एकच वापरा. दोन गेजमध्ये एक-दोन पौंडांचा फरक सर्रास असतो, रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही, पण १२ पौंडांवर तो फार मोठा आहे. शिवाय फावडं, ओढायचा पट्टा, पाणी, आणि दुसरी गाडी. एकट्या गाडीने वाळूत जायचं नाही, हवा कितीही बरोबर असली तरी.

हवा वाळूच्या तोंडाशी सोडायची. रुतल्यावर सोडू म्हणणारा आधीच उशीर करतो, कारण तोवर चाकांनी खड्डा केलेला असतो. कडक, सपाट जागा बघून गाडी उभी करा, रस्त्यावरून उतरणाऱ्या गाड्यांच्या वाटेत नको. व्हॉल्व्हची टोपणं खिशात टाका, जमिनीवर ठेवू नका. टोपणात गेलेला वाळूचा कण पुढे व्हॉल्व्हमध्ये जातो आणि मग टायर रात्रभर बारीक हवा सोडत राहतो.

साधी पद्धत म्हणजे किल्लीने किंवा बारीक काडीने पिन दाबून धरायची. माझ्या टायरला ३३ वरून १५ वर यायला असं केलं तर तीनएक मिनिटं लागतात. पहिल्या टायरला अर्धा मिनिट सोडा, मोजा, पुन्हा अर्धा मिनिट, मोजा. आपल्या टायरचा वेग एकदा कळला की पुढचे तीन अंदाजाने सोडता येतात. एक लक्षात ठेवा, दाब उतरत जातो तशी हवा हळू सुटते. सुरुवातीचे पाच पौंड पटकन जातात, शेवटचे पाच रेंगाळतात.

डिफ्लेटर, म्हणजे हवा सोडायचं छोटं अवजार, घेतलात तर काम मिनिटाच्या आत होतं. तो व्हॉल्व्हची पिन आटे सोडवून बाहेर काढतो आणि स्वतःच्या नळीत धरून ठेवतो. तरीही दोन-चार जादा पिना गाडीत असू द्या, वाळूत पडलेली पिन सापडत नाही. ज्या गाड्यांच्या चाकांत दाबाचे सेन्सर आहेत त्यांचे व्हॉल्व्ह बहुतेकदा ॲल्युमिनियमचे असतात. त्यात साधी पितळी पिन घातली की काही महिन्यांत ती गंजून चिकटते आणि काढताना व्हॉल्व्ह मोडतो. तिथे निकेलचा मुलामा असलेलीच पिन लागते. हवा सोडल्यावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेल, घाबरू नका, तो त्याचं काम करतोय.

आता किती सोडायची. मलीह्याजवळ फॉसिल रॉकच्या वाटेवर नाशिकचा एक मुलगा नवी गाडी घेऊन पहिल्यांदाच आला होता.

"ताई, किती सोडू?"

"पंधरा."

"पंधरा सोडू, की पंधरा ठेवू?"

मला हा प्रश्न फार आवडला, कारण बरेच जण तो न विचारता ३३ मधून १५ सोडून १८ वर निघतात. उरायला हवेत १५. मध्यम ते जड फोर बाय फोरला मऊ वाळूत १५ ही चांगली सुरुवात. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला १२-१३ ही चालतं, कारण वजनच कमी आहे. १५ वर तिचा टायर पुरेसा पसरतच नाही. मोठ्या रिमची, पातळ कडेच्या टायरची गाडी असेल तर १८ च्या खाली जाऊ नका. तिथे फुगायला कडच नसते, आणि एखादा कडक उंचवटा लागला की रिम वाकतं. मागे सामान भरलेलं असेल तर मागच्या दोघांत एखादा पौंड जास्त ठेवा. डावं-उजवं मात्र अगदी सारखं हवं.

खडीच्या कच्च्या रस्त्यावर २५ पुरे, गाडी कमी आदळते आणि टायरला दगड कमी टोचतात. वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात, १५ वर कधीच जाऊ नका. हवा कमी झाली की टायरची कड बाहेर येते, आणि टोकदार दगड नेमका तिथेच चिरतो. कडेची चीर बुजवता येत नाही. आणि सबखा, ती मिठाची सपाट पांढरी जमीन, दिसते अंगणासारखी; वरचा पापुद्रा फुटला की खाली चिखल. तिथे हवा कमी करून भागत नाही, वळसा घालायचा.

गावाकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. जुन्या जीपला ट्यूबचे टायर असतील तर हे आकडे उचलू नका. हवा फार उतरली की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि तिचं निपल मुळापासून उपटतं. अण्णांकडे अशा फाटलेल्या ट्यूबा नेहमी यायच्या. ट्यूबच्या टायरवर २० च्या खाली जाऊ नये असं ते सांगायचे.

तापलेल्या टायरचा हिशेबही ठेवा. सकाळी ३३ वर निघालेला टायर तासाभराच्या हायवेनंतर ३७-३८ दाखवतो. हवा वाढलेली नसते, आतली हवा तापलेली असते. त्या गरम टायरला १६ वर आणलं आणि लिवाच्या वाळूत रात्री मुक्काम केला, तर पहाटेच्या गारव्यात तोच टायर १४ च्या खाली दिसतो. म्हणून गरम टायरला मी १६-१७ वर थांबते, आणि मुक्काम असेल तर सकाळी गाडी हलवण्याआधी पुन्हा मोजते. पहाटे दवाने वाळू घट्ट असते, तेव्हा थोडी जास्त हवाही चालते. दुपारी तीच वाळू सैल होते. सकाळी सहज पार केलेली टेकडी दुपारी अडवते ती यामुळे, चालवण्यात काही चुकलेलं नसतं.

कमी हवेवर गाडी वेगळी चालवावी लागते. टायरची आतली कड, म्हणजे रिमवर बसणारी किनार, रिमला आतल्या दाबानेच चिकटून असते. १५ वर ती पकड सैल, १० वर फारच सैल. वेगात स्टिअरिंग झटक्यात फिरवलं, किंवा उतारावर आडवी घसरणारी गाडी जोरात वळवली, की कड रिमवरून निसटते आणि सगळी हवा एका फुस्सकाऱ्यात जाते. म्हणून वळणं मोठी घ्या. ब्रेक शक्यतो लावू नका, पाय काढला की वाळूच गाडी थांबवते. ब्रेकने पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग साचतो आणि पुन्हा निघताना तोच आडवा येतो. थांबायचं तर नाक उताराकडे करून थांबा. ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवा, नाहीतर चढावर नेमकी ताकद हवी तेव्हा गाडी स्वतःच इंजिन दाबते.

रुतलात तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. लगेच. चाक जागच्या जागी फिरलं की प्रत्येक फेऱ्याला गाडी खोल जाते. उतरून चारी चाकं बघा, पोट टेकलंय का बघा. टेकलं असेल तर आधी फावडं. नसेल तर चाकांसमोरची वाळू सारा, हवा १२ वर आणा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे निघा, कारण ती वाळू तुम्हीच दाबून ठेवलेली आहे. पुष्कळदा हे तीन पौंडच पुरतात. १२ वर नाही निघाली तर १०, पण तेव्हा स्टिअरिंग सरळ, वेग चालत्या माणसाचा, आणि बाहेर पडताच कॉम्प्रेसर काढून पुन्हा १५. दहावर राहून पुढची टेकडी चढायला गेलेल्यांची कड निसटताना मी दोनदा पाहिली आहे.

कड निसटलीच तर गाडी तिथेच थांबवा. जॅकखाली रुंद फळी घाला, नाहीतर जॅकच वाळूत जातो. चाक उचललं की रिमची खाच आणि टायरची कड पाण्याने धुऊन वाळूचा कणन् कण काढा, साबणाचं पाणी लावा. टायरभोवती मधोमध पट्टा आवळला की कडा बाहेर सरकून रिमला भिडतात. व्हॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसर लावा म्हणजे हवा वेगाने आत जाते. दोन वेळा ठक्क आवाज आला की दोन्ही कडा बसल्या. मग पिन घाला आणि भरा. ज्वलनशील फवारा मारून, काडी लावून टायर बसवतात ते करू नका. अण्णांच्या हयातभराच्या धंद्यात त्यांनी ते कुणाला करू दिलं नाही.

आता परतीचं. डांबर दिसलं की थांबायचं, डांबरावर चढायच्या आधी. लोक इथेच चुकतात. दिवस बुडत असतो, मुलं कंटाळलेली असतात, आणि "दहा किलोमीटरवर पेट्रोल पंप आहे, तिथे भरू" हे वाक्य येतं. १५ पौंडांवर शंभरच्या वेगाने दहा किलोमीटर म्हणजे अण्णांच्या ओंजळीतला तो चुरा. गाडी वळणावर तरंगते, ब्रेक लांबतात, आणि टायर उन्हाळ्यात फुटूही शकतो. इंजिन चालू ठेवून कॉम्प्रेसर लावा. माझ्या पंपाला चारी टायरना मिळून वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात मी डबा उघडते. आठवणीने पोळी-चटणी ठेवलेली असते, ती याच वेळेसाठी.

कॉम्प्रेसरच बंद पडला तर सोबतच्या गाडीचा मागा. तोही नसेल तर धोक्याचे दिवे लावून, अगदी उजवीकडच्या लेनमधून (इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे हळू जाणाऱ्यांची लेन तीच), चाळीसच्या आत, जवळच्या पंपापर्यंत. बदायरकडून अल मदाम फार लांब नाही, गावात टायरवाले आहेत. पंपावरच्या यंत्रात आकडे बारमध्ये असतील तर गोंधळू नका, १ बार म्हणजे साडेचौदा पौंड, २.३ बार म्हणजे आपले ३३. वाळूत टायर फार तापलेले नसतात, तरी भरताना पट्टीवरच्या आकड्यापेक्षा दोन पौंड जास्त भरा आणि खरा हिशेब दुसऱ्या दिवशी करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी न हलवता, गार टायर मोजा आणि पट्टीवरच्या आकड्यावर आणा. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा चार-पाच पौंड खाली असेल तर व्हॉल्व्हवर थेंबभर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर पिन बदला. नाही आले तर रिमच्या कडेने पाणी ओता; तिथे बुडबुडे दिसले तर कडेत वाळू अडकली आहे, टायर उतरवून धुवावा लागेल. रिमच्या आतल्या बाजूला नळीने पाणी मारा. तिथे चिकटलेली वाळू चाकाचा तोल बिघडवते आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक उगाच बॅलन्सिंगचे पैसे देऊन येतात.

आणि आदल्या दिवशी नाइलाजाने कमी हवेवर डांबरावरून वेगात यावं लागलं असेल, तर तो टायर एकदा उतरवून घ्या. टायरवाला म्हणेल, पंक्चर नाही, कशाला उतरवायचा? तरी उतरवायला लावा, आत हात घाला आणि बोटं बघा. काळा चुरा लागला तर तो टायर बाद.